संदर्भसूचीतील आद्याक्षरे आणि मराठी ग्रंथकारांची नावे : एक चिकित्सा

प्रस्तावना :
संशोधनपर लेखनात संदर्भसूचीला अनन्यसाधारण महत्त्व असते. ग्रंथकाराची निश्चित ओळख पटवून वाचकाला मूळ ग्रंथापर्यंत पोहोचविणे हे तिचे प्रमुख कार्य होय. अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या, म्हणजेच एपीए शैलीत आडनावानंतर केवळ आद्याक्षरे दिली जातात. मराठी शोधनिबंधांतही या शैलीचे अनुकरण होते. मात्र हा नियम मराठी नावांना कितपत मानवतो, याची चिकित्सा आवश्यक ठरते.

विवेचन :
आद्याक्षरे मराठीला परकी नाहीत. वि. स. खांडेकर, पु. ल. देशपांडे, नागपूर विद्यापीठाचे कुलगुरूपद भूषविलेले वि. भि. कोलते ही नावे त्याच रूपात रूढ झाली. मराठी आद्याक्षर स्वरासहित येते, त्यामुळे वा. ल. कुलकर्णी आणि व. दि. कुलकर्णी हे दोन समीक्षक पहिल्या अक्षरापासूनच वेगळे ओळखता येतात. रोमन लिपीत मात्र वामन आणि वसंत या दोहोंसाठी ‘व्ही.’ हे एकच अक्षर उरते. वडिलांच्या नावाचे दुसरे अक्षर गाळल्यास दोघे एकच भासतात.

जी. ए. कुलकर्णी यांचे उदाहरण याहून बोलके आहे. गुरुनाथ आबाजी या नावाची मराठी आद्याक्षरे ‘गु. आ.’ अशी होतील. परंतु त्या नोंदीवरून जी. एं.चा शोध लागणे कठीण. नियम पाळला जातो, ग्रंथकार मात्र हरवतो.

दुर्गा भागवत, इरावती कर्वे या विदुषी पूर्ण नावानेच वाचकांना परिचित आहेत. ‘भागवत, दु.’ किंवा ‘कर्वे, इ.’ अशा नोंदींत त्यांचे स्त्री असणे लोपते. आद्याक्षरांनी रूढ झालेली मराठी नावे प्रामुख्याने पुरुषांची असल्याने अशा नोंदीमागे पुरुषच गृहीत धरला जाण्याचा संभव असतो. नाव झाकल्याने पूर्वग्रह टळतो, असा युक्तिवाद करता येईल. परंतु तो अपुरा आहे. कारण अनेकदा जातीचा निर्देश करणारे आडनाव नोंदीच्या अग्रस्थानी कायमच राहते.

समारोप :
एमएलए शैलीत ग्रंथकाराचे नाव मूळ ग्रंथावर छापले असेल त्याच रूपात स्वीकारले जाते. मराठी ग्रंथांसाठी हीच पद्धत अधिक ग्राह्य ठरते. शीर्षकपृष्ठावर आद्याक्षरे असल्यास आद्याक्षरे, पूर्ण नाव असल्यास पूर्ण नाव द्यावे. सूचीच्या बाह्य एकरूपतेपेक्षा ग्रंथकाराच्या अचूक ओळखीस प्राधान्य देणे संशोधनाच्या दृष्टीने अधिक हितावह होय.