पट, फासा आणि विवेक

खेळातून नीती शिकविता येते काय, हा प्रश्न धर्मशिक्षकांना नवा नाही. बडोद्याच्या गोरवा भागात काय किंवा अन्यत्र काय, आपल्या वर्गांतील मुलांच्या हाती आता मोबाईलवरील भूमिका-खेळ आले आहेत. खेळणारा एखादे पात्र होऊन त्याच्या कृती ठरवितो आणि पुष्कळ खेळांत त्या कृतींना पाप-पुण्याचे गुण मिळतात. ह्या गुणांचे मोल पारखणे आम्हांस अगत्याचे वाटते.

ह्या कल्पनेचा आपल्याकडील जुना नमुना म्हणजे मोक्षपट. परंपरा त्याचे श्रेय ज्ञानदेवांना देते. गुजरातेतील जैनांची ज्ञानबाजी त्याच कुळातली. सद्गुणाच्या घरातून शिडी, दुर्गुणाच्या घरातून साप. मात्र घर कोणते, हे दान ठरविते. निवड नाही, म्हणून दोष नाही आणि बढाईही नाही. पट नीतीचा मार्ग दाखवितो. वाटसरूची परीक्षा घेत नाही.

१९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन ह्यांच्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ने निवड आणली. तेथे पात्राचा पक्ष व्यवस्था, तटस्थता वा अनागोंदी ह्यांपैकी एक असे. पुढे सुष्ट-दुष्ट हा भेद जोडून नऊ प्रकार झाले. आमचा आक्षेप असा की, येथे कृतीच्या आधीच शिक्का बसतो.

रिचर्ड गॅरियट ह्यांचा ‘अल्टिमा ४’ (१९८५) अधिक खोल जातो. आठ सद्गुण बाणवून ‘अवतार’ होणे हे त्यातील साध्य. वनौषधी विकणारी स्त्री आंधळी आहे. नाणी किती मोजावी हे खेळणाऱ्यावर सोपविलेले. कमी दिली तरी कोणी हटकीत नाही. प्रामाणिकपणाचा अंक तेवढा गुपचूप घटतो. विवेकाची खरी जागा हीच.

तरीही उणीव उरतेच. भिकाऱ्यास दिल्याने करुणेचा अंक वाढतो हे एकदा कळले की, लक्ष भिकाऱ्यावरून बेरजेवर जाते. मंदिरातील परूश्याचा उपासांचा व दशांशाचा हिशेब चुकला नव्हता. तरी नीतिमान ठरून घरी गेला तो जकातदार.

म्हणून खेळ सरसकट निषिद्ध ठरवू नयेत. ‘गुण किती मिळाले?’ असे मुलांस न विचारता, ‘कोणी पाहत नसता त्या आंधळ्या बाईस पुरे पैसे का दिलेस?’ असे विचारावे. त्या उत्तरापासून आपला पाठ सुरू होतो.