रानाच्या उंबरठ्यावरची बाग

बागेवर टीकालेख लिहावा हें कांहीं वाचकांस विचित्र वाटेल. परंतु बाग हीही एक रचनाच आहे. तींत निवड असते, क्रम असतो, आणि ती पाहावयास येणाऱ्याविषयीं रचनाकाराची कांहीं कल्पनाही असते. उजाड डोंगरावर रान पुन्हा उभें राहिलें, कीं त्याच्या दाराशीं लोकशिक्षणार्थ एक बाग करावी, असा विचार सहजच सुचतो. विचार चांगला आहे. पण अशा बागेचा रूढ आराखडा आम्हांस मान्य नाहीं.

हा आराखडा सर्वांच्या परिचयाचा आहे: हिरवळीचा गालिचा, फरसबंद वाट, परमुलखांतील रंगीत झुडपें, आणि बुंध्याबुंध्याशीं लॅटिन नांवाची पाटी. आमचा आक्षेप तिच्या शोभेस नाहीं. जें रान समजावून द्यावयाचें, त्याच्याविषयींच ही बाग खोटें सांगते, हा आक्षेप आहे. खानदेशचें रान बारा महिने हिरवें नसतें. यावलकडे सातपुड्यांत सालई आणि धावडा उन्हाळ्यांत उघडे पडतात. पळस पानें टाकून फुलतो. मोहाचीं फुलें रात्रीं गळतात. पाणी घालून सदा हिरवी राखलेली बाग मुलाला नकळत शिकविते, कीं वैशाखांतलें निष्पर्ण झाड मेलेलें आहे. मेलेलें समजून तोडलेल्या झाडाचा दोष मग कोणावर ठेवावा?

दुसरा धडा गवताचा. धुळें तालुक्यांतील लामकानी येथें गांवकऱ्यांनीं चराई व कुऱ्हाड यांस बंदी केली, चर खणले, आणि उजाड माळावर गवत परतलें. रान लावण्यापेक्षां राखण्यानें वाढतें, हें तेथें दिसतें. हें समजावण्यास शंभर पाट्या नकोत. चरूं दिलेला एक तुकडा व राखलेला एक तुकडा शेजारीं शेजारीं ठेवावे. अमेरिकेंत मॅडिसन येथें विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या वृक्षोद्यानांत, जुन्या शेतजमिनीवर गवताळ रान पुन्हा उभें करण्याचें काम १९३० नंतरच्या दशकांत सुरू झालें. तेथें पाहुण्यांस तें गवतही दाखवितात.

तिसरें आणि सर्वांत मोलाचें उदाहरण साक्री तालुक्यांतील बारीपाड्याचें. श्री. चैत्राम पवार व त्यांचे गांवकरी यांनीं गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकापासून ४०० हेक्टरांहून अधिक रान राखलें; श्री. पवार यांस २०२५ सालीं पद्मश्री मिळाली. या गांवीं रानभाज्यांच्या पाककृतींची स्पर्धा भरते. येथें वनस्पतीची ओळख पाटीवर नसून स्त्रियांच्या हातांत असते. कोणता पाला कोवळाच खुडावा, कोणता कंद उकडून पाणी टाकल्यावांचून खाऊं नये, हें ज्यांना ठाऊक आहे त्याच येथें शिक्षक. बागेची खरी पाठ्यपुस्तकें हींच.

तथापि स्पर्धा वर्षांतून एकदां भरते, आणि पाहुणा शिजलेलें पाहतो, उगवलेलें पाहत नाहीं. ही उणीव बागेनें भरून काढावी. त्या भाज्यांचे व कंदांचे वाफे असावेत. अहिराणी, पावरी, कोकणा नांवें प्रथम व लॅटिन नंतर यावें. आणि वाफ्यांची निगा जाणत्या स्त्रियांकडे, योग्य वेतनासह, सोंपवावी. रानभाज्यांची गोडी शहरांत लागली कीं रान ओरबाडलें जाईल, ही भीति अनाठायीं नाहीं. म्हणूनच बियाणें बागेंत वाढवावें, म्हणजे रानावरचा हात हलका होईल.

बाग ही रानाची प्रस्तावना होय. प्रस्तावनेनें ग्रंथाची जागा बळकावूं नये. आमची कसोटी साधी आहे. जळगांवचें किंवा धुळ्याचें एखादें मूल ही बाग पाहून भर उन्हाळ्यांत डोंगराकडे निघालें, आणि उघड्या सालईखालीं थांबून, “ही जिवंत आहे,” असें म्हणालें, तर ती बाग साधली.