पित्याची विनंती : 'ला त्राव्हियाता'च्या आस्वादाची एक वाट

ऑपेरा या नाट्यप्रकाराचा परिचय करून देताना सामान्यतः दोन मार्ग अवलंबिले जातात. पहिला कथानकाचा सारांश सांगण्याचा, दुसरा गाजलेली एखादी सुरावट ऐकविण्याचा. पहिल्या मार्गाने गेल्यास बहुतेक ऑपेरांची कथानके भाबडी व अतिरंजित वाटतात. दुसऱ्या मार्गाने गेल्यास सुरावट लक्षात राहते, परंतु ती कोण, कोणाला उद्देशून आणि कोणत्या पेचात गात आहे हे कळत नाही. परिणामी साहित्याचा अभ्यासकही 'हा आपला प्रांत नव्हे' असे म्हणून बाजूला होतो. वस्तुतः ज्याने 'शाकुंतल' वा 'शारदा' रंगभूमीवर पाहिले आहे, त्याला प्रसंगाच्या ऐन भरात पात्र गाऊ लागते याचे नवल वाटण्याचे कारण नाही. अडचण गाण्याची नसून, त्यामागील माणसे व त्यांचा काळ आपल्यासमोर उभा केला जात नाही, ही आहे. ज्युझेप्पे व्हेर्दी (१८१३–१९०१) याच्या 'ला त्राव्हियाता' या ऑपेराच्या आधारे हे मत तपासून पाहण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

'ला त्राव्हियाता' म्हणजे वाट चुकलेली स्त्री. या कथेचे मूळ एका प्रत्यक्ष आयुष्यात आहे. नॉर्मंडीतील गरीब घरात १८२४ साली जन्मलेली मारी द्युप्लेसी पॅरिसच्या धनिक वर्तुळात प्रसिद्धी पावली आणि १८४७ च्या फेब्रुवारीत, वयाच्या अवघ्या तेविसाव्या वर्षी, क्षयाने मरण पावली. तिच्या सहवासात काही काळ राहिलेल्या धाकट्या अलेक्सांद्र द्युमाने १८४८ मध्ये तिच्यावर कादंबरी लिहिली. तिचे नाटक १८५२ मध्ये रंगभूमीवर आले आणि पुढच्याच वर्षी, ६ मार्च १८५३ रोजी, फ्रान्चेस्को मारिया प्यावेच्या संहितेवर आधारलेला हा ऑपेरा व्हेनिसच्या 'ला फेनीचे' नाट्यगृहात सादर झाला. म्हणजे नायिकेच्या मूळ व्यक्तीला जाऊन जेमतेम सहा वर्षे झाली होती. हा विषय आपल्याच काळाचा आहे, या गोष्टीचे व्हेर्दीला विशेष महत्त्व वाटत होते. पात्रांनी प्रेक्षकांसारखाच पोशाख करावा अशी त्याची इच्छा होती. ती मान्य झाली नाही. घटना सुमारे १७०० सालातील असल्याचे दाखविण्यात आले. नाटकातील दुःखावर प्रेक्षकांनी अश्रू ढाळण्यास कोणाची हरकत नव्हती. मात्र त्या दुःखाचे कारण आपल्यासारखेच कपडे घालून समोर उभे राहू नये, एवढी दक्षता घेतली गेली.

पहिला प्रयोग फसला हे सर्वश्रुत आहे. त्याचे कारण म्हणून सांगितला जाणारा किस्साही तितकाच प्रसिद्ध आहे : क्षयाने मरणारी नायिका चांगलीच स्थूल असल्याने प्रेक्षक हसले. प्रस्तुत लेखकाच्या मते या किस्स्याने मूळ प्रश्न झाकला गेला आहे. फान्नी साल्व्हिनी-दोनातेल्ली या गायिकेच्या पहिल्या अंकातील गायनाला दाद मिळाली होती. प्रयोग कोसळला तो त्यानंतर. दुसऱ्या अंकाचा भार ज्याच्यावर आहे त्या जेर्माँची भूमिका फेलिचे व्हारेझीने केली होती. 'मॅकबेथ' आणि 'रिगोलेत्तो' या व्हेर्दीच्या नायकांना सर्वप्रथम उभे करणारा हा गायक तोवर उतरणीला लागला होता आणि या भूमिकेविषयी नाराजही होता. पुढे ६ मे १८५४ रोजी व्हेनिसमधीलच सान बेनेदेत्तो नाट्यगृहात ऑपेरा यशस्वी झाला. त्यापूर्वी व्हेर्दीने ज्या जागा दुरुस्त केल्या, त्यांत व्हिओलेत्ता व जेर्माँ यांचे युगुलगीतही होते. या कृतीचा प्राण कोठे आहे, याची खूण येथे मिळते.

तो प्रसंग असा. आल्फ्रेदोबरोबर पॅरिसबाहेर खेड्यात राहणाऱ्या व्हिओलेत्ताकडे त्याचा पिता जेर्माँ येतो. ही बाई मुलाला लुबाडत आहे, अशी त्याची समजूत आहे. ती शांतपणे एक कागद पुढे करते. त्यावरून उलगडा होतो की घरखर्चासाठी तीच आपली मालमत्ता विकत आहे. इथे रचनाकाराला पित्याचा पराभव दाखवून मोकळे होता आले असते. परंतु जेर्माँ सूर बदलतो. त्याला एक मुलगी आहे, तिचा विवाह ठरला आहे. भाऊ अशा स्त्रीबरोबर राहत असेल तर ते स्थळ मोडेल. तो धमकी देत नाही, पैसा देऊ करत नाही. तो विनंती करतो. आणि एका अनोळखी मुलीच्या प्रतिष्ठित विवाहासाठी ही अप्रतिष्ठित स्त्री स्वतःचे उरलेसुरले सुख सोडून देते. बहिणीचे स्थळ मोडेल म्हणून भावाचे मन मोडणारी घरे ज्याने पाहिली आहेत, अशा मराठी वाचकाला येथे कोणत्याही टिपेची गरज पडू नये.

या युगुलगीतात व्हेर्दीने जेर्माँला दिलेले संगीत उमदे, प्रवाही, पटणारे आहे. त्यात कपट ऐकू येत नाही. एखाद्या खलनायकाची मागणी आपण सहज धिक्कारू. सज्जनाची विनंती ऐकताना मात्र आपणही मान डोलावू लागतो आणि मग आपण कोणाच्या बाजूने बसलो आहोत हे ध्यानात येते. व्हिओलेत्ताच्या ओळी आधी तुटक, धापा टाकणाऱ्या येतात. ती मान्य करते तेव्हा तिची सुरावट एकदम स्थिर आणि जवळजवळ कुजबुजल्यासारखी होते. कथानकाच्या सारांशात हे वाक्य 'ती त्याग करते' एवढेच उरते. तो त्याग तिच्याकडून कसा काढून घेतला जातो, हे केवळ संगीतातच आहे.

आपल्याकडील वसंतसेनेची आठवण येथे अपरिहार्य आहे. देवलांनी मराठीत आणलेल्या 'मृच्छकटिका'तील या गणिकेला अखेरीस वधूपद लाभते. चारुदत्ताची पत्नी तिचा स्वीकार करते. शूद्रकाच्या नाट्यविश्वात राजसत्ता बदलते, म्हणून हे शक्य होते. व्हेर्दीच्या पॅरिसमध्ये राजा कोणीही असो, विवाह ठरविणारी कुटुंबे तीच राहतात. तुलना याहून अधिक ताणू नये.

व्हेर्दीच्या चरित्रातील दुवाही पुष्कळदा जोडला जातो. प्रथम पत्नी व दोन्ही मुले गमावल्यानंतर तो ज्युझेप्पिना स्त्रेप्पोनी या गायिकेबरोबर विवाहाविना राहत होता. बुस्सेतो गावात त्याची कुजबुज होती. जानेवारी १८५२ मध्ये त्याने आपला आश्रयदाता व पूर्वीचा सासरा आंतोनियो बारेझ्झी यास पत्र लिहून आपल्या घरातील स्त्रीच्या स्वातंत्र्याचे ठाम समर्थन केले. त्यांचा विवाह १८५९ मध्ये झाला. म्हणून स्त्रेप्पोनी म्हणजेच व्हिओलेत्ता असे समीकरण मांडणे भाबडेपणाचे ठरेल. मात्र ज्या वडीलधाऱ्याविषयी मनात कृतज्ञता आहे त्याच्याच नजरेतील नापसंती सहन करावी लागणे म्हणजे काय, हे व्हेर्दीला कल्पनेने जाणावे लागले नसावे.

आज भाषेची अडचण बरीच दूर झाली आहे. रंगमंचावर भाषांतराच्या ओळी दाखविण्याची प्रथा १९८३ मध्ये टोरोंटो येथे सुरू झाली, मुंबईच्या एन.सी.पी.ए.मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराचे प्रयोग पडद्यावर दाखविले गेले आहेत. विली डेकर यांचा २००५ मधील साल्झबुर्गचा प्रयोगही चित्रमुद्रित स्वरूपात उपलब्ध आहे. ओका रंगमंच, एक प्रचंड घड्याळ, लाल पोशाखातील आन्ना नेत्रेब्को आणि भोवती काळ्या सुटांतील समुदाय अशी त्याची मांडणी आहे. व्हेर्दीला हवा असलेला समकालीन पोशाख येथे मिळतो. तथापि डॉक्टरचे पात्र आरंभापासून मृत्यूसारखे वावरत राहिल्याने दोष नियतीकडे सरकतो आणि जेर्माँच्या समाजाची जबाबदारी काहीशी हलकी होते. प्रयोग देखणा असला तरी ही तडजोड महाग पडली आहे.

तिसऱ्या अंकात व्हिओलेत्ता मरणशय्येवर आहे. गाठीशी वीस नाणी उरली आहेत. बाहेर उत्सव चालू आहे, म्हणून त्यातील दहा ती गरिबांना वाटायला सांगते. मग ती एक पत्र वाचते. ते जेर्माँचे आहे : मुलाला तिचा त्याग सांगितला आहे, दोघेही क्षमा मागण्यास येत आहेत. हे पत्र ती गात नाही. आपल्या संगीत नाटकातील गद्यासारखे साध्या बोलण्याच्या आवाजात वाचते. व्हायोलिनवर त्या वेळी ऐकू येते ती पहिल्या अंकातील आल्फ्रेदोची प्रेमाची सुरावट. पुढे जेर्माँ प्रत्यक्ष येतो आणि पश्चात्तापाने गातोही. पण मागणी करताना ज्याला व्हेर्दीने एवढे भरभरून गाणे दिले, त्याची क्षमायाचना तिच्यापर्यंत प्रथम पोहोचते ती सुरांवाचून, तिच्याच थकलेल्या आवाजात. वाचून झाल्यावर ती म्हणते की आता उशीर झाला आहे.