विदर्भाला तारीख कोण देणार?

२०१९ चा मार्च महिना तुम्हाला आठवत असेल. ब्रिटन युरोपियन युनियनमधून २९ मार्चला बाहेर पडणार होतं आणि पडलं नाही. मग १२ एप्रिल ठरली, मग ३१ ऑक्टोबर, आणि अखेर ३१ जानेवारी २०२० ला ते एकदाचं निघालं. दरम्यान लंडनच्या संसदेतला गोंधळ आपण सगळ्यांनी करमणूक म्हणून पाहिला. स्पीकर जॉन बर्को यांचं ‘ऑर्डर, ऑर्डर’ मोबाइलवर फिरत होतं. ज्यांनी आपल्या फाळणीची रेघ पाच आठवड्यांत ओढली त्यांना स्वतःचा काडीमोड तीन वर्षांत जमेना, हा विनोद तुम्ही केला नसेल तर निदान पुढे तरी पाठवला असेल. मीही पाठवला होता, आणि विनोद चांगलाच होता.

पण आपण ज्या राज्याची माणसं, त्या राज्यातही बाहेर पडण्याचा एक वाद आहे. तो ब्रेक्झिटपेक्षा साठ वर्षांनी जुना आहे, आणि त्याला आजतागायत एकही तारीख पडलेली नाही. मी वेगळ्या विदर्भाबद्दल बोलते आहे. राज्य म्हणजे देश नव्हे आणि महाराष्ट्र म्हणजे युरोपियन युनियन नव्हे, हे मान्य. मला तुलना करायची आहे ती वाद कसा घातला जातो याची.

आधी मोजक्या नोंदी. २८ सप्टेंबर १९५३ ला नागपूर करार झाला. विदर्भ, मराठवाडा आणि उरलेला महाराष्ट्र एका राज्यात यावेत, खर्च लोकसंख्येच्या प्रमाणात व्हावा, नोकऱ्यांत आणि उच्च शिक्षणात तोच न्याय असावा, सरकारने दरवर्षी ठरावीक काळ नागपूरला मुक्काम हलवावा आणि विधिमंडळाचं किमान एक अधिवेशन तिथे घ्यावं, असं त्यात ठरलं. दोनच वर्षांनी फाजल अली आयोगाने मात्र आठ जिल्ह्यांचं वेगळं विदर्भ राज्य करा अशी शिफारस केली. ती मानली गेली नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि त्याच दिवशी नागपूर राजधानीचं शहर राहिलं नाही. १९६२ साली नागपूरने वेगळ्या विदर्भाचा पुरस्कार करणाऱ्या बापूजी अण्यांना लोकसभेवर पाठवलं, १९७१ साली जांबुवंतराव धोटेंना. म्हणजे मागणी निवडणुकीत जिंकूनही झाली आहे. पुढे काय झालं? काही नाही.

आता या वादाच्या भाषेकडे बघा. माझी मुख्य तक्रार तिच्याबद्दल आहे.

मी हे दुबईतल्या डिस्कव्हरी गार्डन्समधून लिहिते आहे. इथल्या इमारतींच्या गटांना झेन, मेडिटरेनियन, मेसोअमेरिकन, मुघल अशी नावं आहेत, आणि त्यांत राहणाऱ्या मराठी माणसांत नागपूर, सांगली, बेळगाव, सगळं आहे. मागे एका १ मेच्या जेवणात श्रीखंडाच्या वाट्या फिरत असताना विदर्भाचा विषय निघाला. साताऱ्याकडचे एक काका हसतच मला म्हणाले, “तुम्ही लोक घर फोडायला निघालात.” अकोल्याच्या एक वहिनी म्हणाल्या, “आम्हाला घरात घेतलं होतं कधी?” सगळे हसले आणि विषय संपला. पासष्ट-सत्तर वर्षांचा सार्वजनिक वाद या दोन वाक्यांपलीकडे फारसा गेलेला नाही.

‘घर’ ही उपमा दोन्ही बाजूंना सोयीची आहे. घर म्हटलं की एकीकडे कृतघ्नपणा आणि दुसरीकडे सावत्रपणा एवढंच शिल्लक राहतं. पण आपल्याकडे घरं खरोखर वाटली जातात तेव्हा काय होतं ते आठवा. तलाठ्याकडे खेपा होतात, खातेफोड होते, वाटणीपत्र लिहिलं जातं. विहिरीचं पाणी कोणी कोणत्या दिवशी घ्यायचं, कर्ज कोणाच्या नावावर, आईला कोण सांभाळणार, हे कागदावर येतं. ज्या भावांना वाटणी नको असते त्यांनाही मग सांगावं लागतं की एकत्र राहायचं तर विहिरीचं काय. विदर्भाच्या वादात दोन्ही बाजूंनी तो कागद लिहिण्याचं टाळलं आहे.

वेगळेपणाच्या बाजूचा आवडता शब्द आहे ‘अनुशेष’. त्याला आधार आहे. वि. म. दांडेकर समितीने १९८४ मध्ये हिशेब मांडला तेव्हा राज्यातला एकूण अनुशेष सुमारे ३,१८७ कोटी रुपये निघाला आणि त्यातला ३९ टक्के विदर्भाचा होता. हा आकडा प्रत्येक भाषणात येतो. त्याच अहवालात उर्वरित महाराष्ट्राचा वाटा ३७ टक्क्यांच्या आसपास होता, हे मी आजवर एकाही भाषणात ऐकलेलं नाही. ब्रिटनच्या त्या लाल बसवर आठवड्याला ३५ कोटी पौंड युनियनला जातात असं लिहिलं होतं. परत मिळणारी रक्कम त्यातून वजा करायची राहून गेली होती. अनुशेष त्या बसइतका फसवा नाही, तो खराच आहे. पण नुकसान झालं हे सिद्ध केलं की वेगळं होऊन ते भरून निघेल हेही आपोआप सिद्ध होतं, ही उडी दोन्हीकडे सारखीच आहे.

भंडारा जिल्ह्यातलं गोसीखुर्द घ्या. २२ एप्रिल १९८८ ला राजीव गांधींच्या हस्ते पायाभरणी झाली तेव्हा वैनगंगेवरचा हा प्रकल्प ३७२ कोटींचा होता. खर्च कित्येक पटींनी वाढला, गावं उठली, पाणी मात्र ठरल्या शेतांपर्यंत ठरल्या काळात पोचलं नाही. दोष मुंबईचा म्हणाल तर पैसा उशिरा आला हे खरं. पण जो पैसा आला त्याचं काय झालं याचं उत्तर द्यायला मुंबई पुरत नाही. वेगळ्या राज्यात हे काम कोण करेल, कोणत्या खात्यातून, कोणाच्या देखरेखीखाली? मुंबई-पुण्याच्या कराचा वाटा बंद झाल्यावर कोणत्या पैशाने? चंद्रपूरच्या २,९२० मेगावॉटच्या केंद्राची राख आम्ही खातो आणि वीज बाहेर जाते, हे म्हणणं रास्त आहे. मग ती वीज कोणत्या दराने विकणार, हे मांडायला नको का? आणि वऱ्हाडाचं काय? अमरावती, अकोला, बुलढाणा, यवतमाळ हा निजामाचा मुलूख १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडला गेला. नागपूर आणि वऱ्हाड हेच मुळात एक जोडकाम आहे. मी यवतमाळ जिल्ह्यातली. नागपूर राजधानी झाली की आमचा अनुशेष कोणाकडे मागायचा, हा प्रश्न आमच्याकडे चहाच्या टपरीवर विचारला जातो, मंचावर नाही. ब्रेक्झिटच्या प्रचारातही उत्तर आयर्लंडचं नाव शेवटपर्यंत तोंडी लावण्यापुरतं होतं. नंतर सगळं गाडं तिथेच अडलं.

आता दुसरी बाजू. अखंड महाराष्ट्रवाल्यांवर माझा राग जरा जास्त आहे, कारण त्यांच्याकडे सत्ता होती. त्यांचा युक्तिवाद दोन गोष्टींवर उभा आहे. एक, हुतात्मे. ते हुतात्मे मुंबईसह संयुक्त महाराष्ट्रासाठी गेले, त्यांच्याबद्दल आदर आहेच. पण विदर्भ सोबत आला तो एका लेखी कराराच्या भरवशावर, आणि त्या कराराचं काय झालं याचं उत्तर हुतात्मा चौकाकडे बोट दाखवून मिळत नाही. दोन, मुख्यमंत्री. कन्नमवार, वसंतराव नाईक, सुधाकरराव नाईक, फडणवीस, सगळे विदर्भाचे, मग अन्याय कसला? माझ्याच जिल्ह्यातले वसंतराव अकरा वर्षांहून अधिक काळ मुख्यमंत्री होते. त्यामुळे आमचं सिंचन वाढलं नसेल तर त्यातून एवढंच कळतं की माणूस कुठला हे पुरेसं नसतं, व्यवस्था लागते.

आणि व्यवस्थेचं काय केलं? सरकारने ठरावीक काळ नागपूरला यायचं होतं. त्याचं डिसेंबरातलं दोनेक आठवड्यांचं अधिवेशन झालं. वर्षभराचं म्हणणं घेऊन माणसं त्या दोन आठवड्यांत नागपुरात येतात. २३ नोव्हेंबर १९९४ ला गोवारी समाजाचा मोर्चा असाच आला होता, आणि चेंगराचेंगरीत ११४ माणसं गेली. त्यांत बायका-मुलं बहुसंख्य होती. सरकार घरापासून इतकं लांब असण्याची किंमत हिशेबाच्या तक्त्यात येत नाही. २०२० आणि २०२१ चं हिवाळी अधिवेशन करोनामुळे मुंबईतच झालं. घटनेच्या ३७१(२) कलमाखाली १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळं आली. तीच काय ती नागपूर कराराची उरलेली घटनात्मक सावली. त्यांची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली आणि वाढवली गेली नाही. ब्रिटन बाहेर पडल्याला तेव्हा तीन महिने झाले होते. तिकडच्या प्रत्येक मुदतवाढीवर आपण विनोद केले. इकडे राहण्याची एक अट टाळेबंदीत चुपचाप विझली आणि आपल्या एकाही गटावर मला तिचा उल्लेख सापडला नाही.

मी पोस्टडॉक आहे. सहा-सहा महिन्यांच्या मुदतवाढीवर जगणाऱ्या माणसाला एक गोष्ट लवकर कळते. तारीख असेल तर भांडता येतं. तारीखच नसेल तर फक्त वाट बघता येते, आणि वाट बघायला लावणाऱ्याचं काहीच बिघडत नाही. युनियनच्या कराराच्या ५० व्या कलमाने ब्रिटनला दोन वर्षांचं घड्याळ लावलं. त्या घड्याळामुळे थेरेसा मे यांना मसुदा आणावा लागला. तो तीनदा पडला, पहिल्यांदा तर ४३२ विरुद्ध २०२ असा. २७ मार्च २०१९ ला खासदारांपुढे आठ पर्याय ठेवले आणि एकालाही बहुमत मिळालं नाही. आपण तेव्हा हसलो. पण त्या संध्याकाळी खासदारांपुढे आठ वेळा हो किंवा नाहीचा प्रश्न मतदानासाठी आला. विदर्भाच्या बाबतीत असं एकदाही घडलेलं नाही. १९९७ मध्ये भारतीय जनता पक्षाने भुवनेश्वरला वेगळ्या विदर्भाच्या बाजूने ठराव केला. २०१४ मध्ये केंद्रात आणि राज्यात त्याच पक्षाचं नेतृत्व आलं, आणि राज्यातला मित्रपक्ष शिवसेना विरोधात होता. ठराव मागेही घेतला नाही, पुढेही नेला नाही. काँग्रेसच्या वैदर्भीय नेत्यांचाही आवाज सत्तेबाहेर असतानाच चढतो. मागणी जिवंत ठेवायची पण वयात येऊ द्यायची नाही, यात दोघांचंही भागतं.

कायद्याची अडचण आहे असंही नाही. घटनेच्या तिसऱ्या कलमानुसार नवं राज्य संसद करते. मूळ राज्याच्या विधिमंडळाचं मत मागवावं लागतं, मानावं लागत नाही. तेलंगणाच्या वेळी आंध्रच्या विधानसभेने जानेवारी २०१४ मध्ये विधेयक फेटाळलं, तरी पुढच्याच महिन्यात संसदेने ते मंजूर केलं. तिथेही आधी डिसेंबर २००९ च्या घोषणेनंतर चार वर्षं ढकलाढकली झाली. पण कायदा आला तेव्हा त्यात तारखा होत्या. हैदराबाद दहा वर्षांपर्यंत संयुक्त राजधानी, म्हणजे २ जून २०२४ पर्यंत. नवव्या आणि दहाव्या परिशिष्टात वाटून घ्यायच्या संस्थांची यादी. ती वाटणी दहा वर्षांनंतरही पुरी झाली नव्हती, पण कशावर भांडायचं ते दोघांना माहीत होतं.

आपण राहतो त्या देशातही हे घडलंय. १९६८ मध्ये दुबईत संघाचा करार झाला तेव्हा अमिरात नऊ होत्या. बहरीनची लोकसंख्या मोठी, त्यांना प्रतिनिधित्व त्या प्रमाणात हवं होतं. राजधानीवरूनही मतभेद होते. पण इंग्रज १९७१ अखेर जाणार हे जाहीर झालेलं होतं, त्यामुळे वाद लांबवायला जागा नव्हती. बहरीन आणि कतार स्वतंत्र झाले, सहा जणांनी २ डिसेंबर १९७१ ला संघ केला, रास अल खैमा १० फेब्रुवारी १९७२ ला आली. तात्पुरत्या राज्यघटनेत दुबई आणि अबू धाबीच्या सीमेवर अल करामा नावाची नवी राजधानी बांधायची असं लिहिलं होतं. ती झाली नाही. १९९६ मध्ये घटना कायम करताना ते कलम बदलून अबू धाबीचं नाव घातलं. न पाळलेलं कलम निदान उघडपणे बदललं गेलं. नागपूर कराराच्या कलमांबद्दल तेवढंही कोणी केलेलं नाही.

तुम्ही मला विचाराल की मी कोणत्या बाजूची. उद्या मतदान झालं आणि कागदावर फक्त ‘राहा’ आणि ‘निघा’ एवढंच असलं, तर मी मतपत्रिका परत करेन. ब्रिटनमध्ये ५१.९ टक्क्यांनी ‘निघा’ म्हटलं आणि निघून कुठे, हे नंतर साडेतीन वर्षं शोधलं. नागपूर करार कायद्याच्या रूपात आला, खर्चाचं प्रमाण न्यायालयात दाद मागता येईल असं बांधलं गेलं, सरकार तीन महिने खरोखर नागपुरात बसलं, तर मी राहण्याच्या बाजूने आहे, कारण मला लातूर आणि सिंधुदुर्गही माझेच वाटतात. हे होणार नसेल तर निघण्याचा मसुदा मागा. त्यात कर्ज, वीज, वैनगंगा, वऱ्हाडाचा वाटा, सगळं लिहिलेलं असू द्या. पुढच्या १ मेला तुमच्या मंडळात कोणी ‘घर’ म्हणालं, तर त्याला वाटणीपत्र वाचून दाखवायला सांगा. आणि कोणी ‘अखंड’ म्हणालं, तर ३० एप्रिल २०२० ला काय संपलं ते विचारा.