‘हंत’ : मोडलेल्या बेताचा शब्द

मंडळी, आज एकाच शब्दाविषयी बोलतो. शब्द आहे ‘हंत’. मराठीत ‘हा हंत हंत’ आपण बहुधा थट्टेनं म्हणतो. गाडी चुकली, हा हंत हंत! पण ज्या सुभाषितामुळे हे शब्द आपल्या तोंडी बसले, ते थट्टेचं नाही.

सुभाषित वसंततिलका वृत्तातलं, कर्ता अज्ञात. संध्याकाळी कमळ मिटतं, भुंगा आत अडकतो, सकाळची वाट पाहतो आणि तेवढ्यात हत्ती ते कमळच उपटतो. शाळेत याचं तात्पर्य सांगतात : लोभ वाईट, आयुष्याचा भरवसा नाही. मला हे तात्पर्य पटत नाही.

आता बघा, भुंग्याच्या मनात काय आहे? रात्रीचं सरणं, पहाटेचं होणं, सूर्याचं उगवणं, कमळाचं उमलणं. चार क्रियापदं, चारही भविष्यकाळी. त्यांत ‘मी’ कुठेच नाही. ‘मी सुटेन’ असंही तो म्हणत नाही. शिवाय यातल्या पहिल्या तीन गोष्टी घडल्याच असणार. हत्तीमुळे सूर्य उगवायचा थांबत नाही. फसली ती फक्त चौथी. म्हणजे भुंग्याचं अनुमान नैयायिकालाही मान्य व्हावं असं होतं. रोज जे घडतं, त्यावरच तो विसंबला होता. याला लोभ कसा म्हणायचा?

पुढचं व्याकरण महत्त्वाचं आहे. भुंगा विचार ‘करत असताना’ अशी सतिसप्तमीची रचना आहे. विचार अजून चालूच आहे. आणि हत्तीचं क्रियापद ‘उज्जहार’, म्हणजे परोक्ष भूतकाळ. बोलणाऱ्याच्या डोळ्यांआड घडलेल्या गोष्टीसाठी पाणिनी हा काळ सांगतो. कवी तो नुसत्या कथनासाठीही वापरतात, हे खरं. पण मिटलेल्या कमळातल्या भुंग्याला हत्ती दिसलाच नाही, हे इथे त्या क्रियापदात नेमकं उतरतं.

मग ‘हंत’ कोण म्हणतं? भुंगा नव्हे. त्याला काही कळलंच नाही. बेत मोडला हे कळायला बेत आणि शेवट दोन्ही ठाऊक असावे लागतात. ते फक्त सांगणाऱ्याला ठाऊक आहेत, आणि आता आपल्याला. म्हणून हा शब्द आपल्या तोंडचा आहे.

अमरकोशात ‘हंत’चे चार अर्थ दिले आहेत : हर्ष, अनुकंपा, वाक्यारंभ आणि विषाद. गीतेच्या दहाव्या अध्यायात १९व्या श्लोकाचा आरंभ कृष्ण याच शब्दानं करतो. तिथे तो ‘बरं, ऐक तर’ एवढाच आहे, दुःखाचा लवलेश नाही. सुभाषितात मात्र विषाद आणि अनुकंपा एकत्र येतात. उपदेश हा अर्थ त्या चारांत नाही.

एखाद्याचा बेत अर्ध्यात तुटला की आपण लगेच त्याची चूक शोधू लागतो. चूक सापडली की आपल्याला सुरक्षित वाटतं. हे सुभाषित ती सोय देत नाही. ते मुलांना शिकवाल तेव्हा ‘हंत’पाशी जरा थांबा. तात्पर्य नाही सांगितलं तरी चालेल.