नेम बाणाचा, मालकी रानाची

शिकारकथा हा वाङ्मयप्रकार मराठीत आता आटत चालला आहे आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर तसे व्हावे यात नवल नाही. अमेरिकेत मात्र हा प्रवाह आजही वाहता आहे. तेथे पानगळीच्या दिवसांत रीतसर परवाना काढून हरणाच्या शिकारीस जाणारी सामान्य माणसे लक्षावधी आहेत आणि त्यांतील पुष्कळजण बंदूक बाजूस ठेवून मुद्दाम धनुष्यबाण हाती घेतात. या माणसांना घडविणाऱ्या ग्रंथांपैकी दोन येथे विचारात घ्यावयाचे आहेत : डॉ. सॅक्स्टन पोप यांचा ‘हंटिंग विथ द बो अँड ॲरो’ (१९२३) आणि आल्डो लिओपोल्ड यांचा ‘अ सँड काउंटी अल्मनॅक’ (१९४९). पहिला शिकाऱ्याच्या हाताविषयी आहे. दुसरा त्याच्या पायाखालच्या भूमीविषयी. हरीण कसे मारले एवढे सांगून शिकारीचे लेखन पुरे होते काय, की ते कोणाच्या रानात मारले याचाही जबाब त्याने द्यावयास हवा, हा प्रश्न हे ग्रंथ एकत्र वाचताना टाळता येत नाही.

या प्रश्नाला तेथील कायद्याची एक पार्श्वभूमी आहे. इंग्लंडमध्ये राजाच्या अरण्यातील हरीण राजाचे होते आणि ते चोरून मारणाऱ्यास कठोर शासन होई. १७२३ च्या ‘ब्लॅक ॲक्ट’ने तर त्यासाठी फाशीची तरतूद केली. अमेरिकेने ही राजसत्ता झुगारली. तेथे रानातले हरीण कोणा एकाचे नसते. राज्यसंस्था सर्वांच्या वतीने त्याची राखण करते, असे मानले जाते. ते कोणाच्या खाजगी शेतात चरत असले तरी त्या शेतमालकाचे होत नाही. मात्र त्या शेतात कोणास पाऊल टाकू द्यावे हे मालकच ठरवितो. म्हणजे हरीण सर्वांचे, पण वाट एकाची. ज्याच्यापाशी जमीन नाही आणि ओळखही नाही, त्याला सरकारी वने हाच आधार.

डॉ. पोप हे सॅन फ्रान्सिस्कोतील विद्यापीठाच्या रुग्णालयात शल्यविशारद होते. त्यांना धनुर्विद्येची गोडी लावली ती इशी नावाच्या माणसाने. कॅलिफोर्नियातील याही जमातीचा हा शेवटचा माणूस १९११ च्या ऑगस्टमध्ये ओरोव्हिल गावाजवळ भुकेने व्याकूळ होऊन एकटाच प्रकट झाला. मानववंशशास्त्रज्ञांनी त्याला विद्यापीठाच्या वस्तुसंग्रहालयात आणले. तेथे डॉ. पोप त्याचे वैद्य झाले, मित्र झाले आणि शिष्यही झाले. १९१६ साली क्षयाने इशी वारला. ग्रंथाची आरंभीची प्रकरणे त्याच्यावर आहेत आणि माझ्या मते तीच सर्वांत श्रेष्ठ आहेत. डोंगरातल्या जुनिपरच्या लाकडाचे, पाठीवर स्नायुतंतू चिकटवलेले त्याचे धनुष्य. बाटलीच्या काचेतून टवके काढून घडविलेली त्याची बाणाग्रे. शिकारीपूर्वी अंगाला वास राहू नये म्हणून त्याने पाळलेली पथ्ये. हरणाचे भरलेले डोके वापरून हरणांना भुलविण्याची त्याची हातोटी, हे सारे डॉक्टरांनी शस्त्रक्रियेच्या टेबलाशी शोभेल अशा नेमकेपणाने टिपले आहे. निशाणाच्या फळीवर इशीचा नेम बेताचाच होता, पण रानात तो सहसा रिकाम्या हाताने परतत नसे, हे निरीक्षणही त्यांचेच. खेळाचे माप वेगळे आणि पोटाचे वेगळे, हे त्यातून आपोआप उमटते.

त्यापुढील प्रकरणांत मात्र माप बदलते. धनुष्य कसे करावे, बाण कसा करावा, हरणाच्या मागे कसे जावे, अस्वलाला कसे गाठावे, अशी ही प्रकरणे आहेत. त्यांत उत्साह आहे आणि प्रामाणिकपणाही आहे. चुकलेले बाण लेखक लपवीत नाही. बाण रक्तस्रावाने मारतो आणि त्यासाठी शिकाऱ्याला जनावराच्या अगदी निकट जावे लागते, म्हणून ही शिकार अधिक न्याय्य, हा त्यांचा युक्तिवादही विचारार्ह आहे. पण आरंभी ज्या माणसाविषयी आपण हळहळलो, त्याच्या माणसांना त्याच डोंगरातून हुसकावून, गोळ्या घालून संपविले गेले होते, ही जाणीव पुढे मावळते. मिल क्रीक आणि डीअर क्रीक या ओढ्यांकाठी १८६० च्या दशकात गोऱ्या वसाहतवाल्यांनी याहींच्या कत्तली केल्या. १९०८ साली मोजणीदारांची एक तुकडी उरल्यासुरल्या चौघांच्या लपलेल्या वस्तीवर येऊन पोहोचली आणि त्यांची धनुष्ये, बाण व पांघरुणे उचलून घेऊन गेली. न्याय्य शिकारीचा विचार मनुष्य आणि हरीण या दोघांपुरताच करावयाचा असेल, तर या तिसऱ्या पक्षाचे काय, हे डॉ. पोप विचारीत नाहीत.

याहून चमत्कारिक गोष्ट अर्पणपत्रिकेत आहे. ग्रंथ रॉबिन हूडला अर्पण केलेला आहे. राजाचे हरीण राजाच्या अरण्यात मारणारा, म्हणून चोर ठरलेला हा लोककथेतला वीर! रान कोणाचे, हा त्याच्या कथेचा गाभाच होय. डॉ. पोप यांनी त्याचे धनुष्य घेतले, त्याचे आनंदी साहस घेतले. त्याचे भांडण तेवढे मागे ठेवले.

ते भांडण वेगळ्या अर्थाने उचलले ते लिओपोल्ड यांनी. हे वनाधिकारी, पुढे विस्कॉन्सिन विद्यापीठात प्राध्यापक आणि स्वतः धनुष्ये घडविणारे शिकारी. १९३५ साली त्यांनी विस्कॉन्सिन नदीकाठची एक निकस, उजाड शेती विकत घेतली आणि कोंबड्यांच्या खुराड्याचे खोपटे करून तेथे झाडे लावली. ‘थिंकिंग लाइक अ माउंटन’ या छोट्या निबंधात ते तरुणपणी मारलेल्या लांडगिणीची कबुली देतात. लांडगे कमी झाले तर हरणे वाढतील आणि शिकाऱ्याचे नंदनवन होईल, असा तेव्हाचा हिशेब. प्रत्यक्षात लांडगे संपले, हरणे बेसुमार वाढली, त्यांनी डोंगर ओरबाडून खाल्ला आणि मग स्वतःच उपाशी मेली. येथे हरीण हे शिकाऱ्याचे बक्षीस उरत नाही. ते भूमीच्या संसारातले एक माणूस होते. दुसऱ्या एका निबंधात धनुष्याकडे परत वळणाऱ्यांना यंत्रांच्या सोसाविरुद्धची प्रतिक्रिया म्हणून ते दाद देतात. पुढे १९६९ मध्ये चाकांच्या धनुष्याला पेटंट मिळाले आणि तो सोस धनुष्यातच शिरला, हे पाहावयास ते नव्हते. १९४८ च्या एप्रिलमध्ये शेजाऱ्याच्या शेतातील वणवा विझविताना त्यांचा मृत्यू झाला. ग्रंथ त्यांच्यामागे प्रसिद्ध झाला.

त्याच्या प्रस्तावनेतील एका विधानाशी मात्र ख्रिस्ती वाचकाने वाद घालावयास हवा. जमीन ही आपल्या मालकीची वस्तू आहे, या कल्पनेला लिओपोल्ड अब्राहामाचे नाव देतात. पण लेवीय ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायात परमेश्वर उलटच सांगतो : भूमी माझी आहे, तुम्ही येथे परके व पाहुणे आहात, म्हणून ती कायमची विकू नये. २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात पोप फ्रान्सिस यांनी याच वचनाचा आधार घेतला आहे. लिओपोल्ड यांनी दोष धर्मग्रंथाला दिला. तो तो सोयीने वाचणाऱ्यांचा होता. आणखी एक उणीव आहे. त्यांच्या समाजात माती, पाणी, झाडे, जनावरे यांना मानाचे स्थान आहे. त्या मातीवरून हाकलल्या गेलेल्या मूळ माणसांना मात्र फारशी जागा मिळालेली नाही. डॉ. पोप यांच्यापाशी तो माणूस आहे, भूमीचा प्रश्न नाही. लिओपोल्ड यांच्यापाशी भूमी आहे, तो माणूस नाही.

हा प्रश्न आपल्याला परका नाही. शिकारीवर जगणाऱ्या पारधी समाजावर ब्रिटिशांच्या कायद्याने जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला, त्याच काळात साहेबाची शिकार हा प्रतिष्ठेचा खेळ होता. रानाचा मालक बदलला की एकाच बाणाला दोन नावे पडतात.

इशीच्या डोंगराचा काही भाग १९८४ पासून ‘इशी वाइल्डरनेस’ या नावाने राखीव आहे. ती सरकारी भूमी असल्याने, तेथील ज्या भागात शिकारीस मुभा आहे तेथे परवाना घेऊन कोणीही हरणाच्या शिकारीस जाऊ शकतो. कोणा जमीनदाराची मर्जी धरावी लागत नाही. लोकशाहीची ही मिळकत लहान नव्हे. पण जे रान आज सर्वांचे आहे, ते आधी याहींचे होते, आणि त्यांना विचारून ते सर्वांचे झाले नाही. म्हणून तेथे जाणाऱ्याने डॉ. पोप यांच्याकडून नेम शिकावा, लिओपोल्ड यांच्याकडून संयम शिकावा आणि ज्याच्या नावाची पाटी वेशीवर आहे, त्याची हकीकत आरंभीच्या प्रकरणांपुरती ठेवू नये.