जावयाची जबानी

सासऱ्याचे चरित्र जावयाने लिहायला घेतले की त्याची आरती व्हायला वेळ लागत नाही. विल्यम रोपरने थॉमस मोरचे छोटेखानी चरित्र लिहिले, तेही भक्तिभावानेच. पण हात वकिलाचा होता. मोर लंडनचा नामांकित वकील, 1523 मध्ये हाउस ऑफ कॉमन्सचा सभापती, 1529 ते 1532 इंग्लंडचा लॉर्ड चॅन्सेलर. आठव्या हेन्रीला चर्चचा प्रमुख म्हणून त्याने मान्यता दिली नाही आणि 6 जुलै 1535 ला त्याचा शिरच्छेद झाला. रोपरही मोरसारखाच लिंकन्स इनमध्ये कायदा शिकलेला. मोरच्या थोरल्या लेकीचा, मार्गारेटचा नवरा. सोळा वर्षांहून जास्त काळ सासऱ्याच्याच घरात राहिलेला. या आठवणी त्याने लिहिल्या मेरी ट्यूडरच्या राज्यात, म्हणजे शिरच्छेदानंतर वीसेक वर्षांनी. तोवर मार्गारेटही गेली होती.

या पुस्तकातली सर्वांत सुंदर निर्मिती मोर नव्हे, खुद्द रोपर आहे. एप्रिल 1534 चा प्रसंग घ्या. राजाने मागितलेल्या शपथेसाठी मोरला लॅम्बेथला बोलावणे आले. एरवी चेल्सीच्या घरातून निघताना बायको-मुले होडीपर्यंत सोडायला येत. त्या दिवशी त्याने बागेचे फाटक आपल्यामागे ओढून घेतले, कुणालाही पुढे येऊ दिले नाही. होडीत तो बराच वेळ उदास, गप्प. मग अचानक जावयाच्या कानाशी लागून कुजबुजला, देवाच्या कृपेने लढाई जिंकली म्हणून. रोपरला अर्थबोध शून्य. पण अडाणी दिसायला नको, म्हणून त्याने आपल्यालाही आनंद झाल्याचे सांगून टाकले!

सासरे काही गहन बोलले की मान डोलावणारा जावई आपल्याही ओळखीचा आहे. रोपर ती फजिती लपवत नाही, आणि त्यामुळेच मोरचा एकाकीपणा वाचकाला जाणवतो. मायेच्या माणसांची ओढ त्याने त्या होडीत जिंकली असावी, हा उलगडा रोपर देतो खरा, पण नंतर केलेला तर्क म्हणून. पाहिलेले आणि ताडलेले यांची सरमिसळ तो होऊ देत नाही.

वेस्टमिन्स्टर हॉलमधल्या खटल्यात तर हे कसब पणाला लागते. रोपर तिथे हजर नव्हता. सर अँथनी सेंट लेजर, रिचर्ड हेवूड, जॉन वेब यांच्याकडून ऐकले, असे तो नावानिशी नोंदवतो. टॉवर ऑफ लंडनमधल्या कोठडीत राजाचा वकील रिचर्ड रिच याने मोरपुढे जर-तरची उदाहरणे टाकली. दोन वकिलांमध्ये असले खेळ नेहमीचेच. रिचने त्याच गप्पांची साक्ष बनवली. मोर उलट साक्षीदाराच्या चारित्र्यावरच घाव घालतो: ज्याची लंडनभर अशी ख्याती, त्याला मी मनातले गुपित सांगेन? इथे रोपरच्या गद्याला धार चढते. सासऱ्याच्या मरणापेक्षा ज्युरीने असला पुरावा ग्राह्य धरला हेच त्याला जास्त झोंबले असावे, असे मला नेहमी वाटते.

विनोदही भरपूर. चॅन्सेलर सासऱ्याच्या दारात कुणालाही थेट प्रवेश, मग आमची वरकमाई कशी व्हायची, अशी दुसरा जावई डॉन्सी अर्धवट थट्टेत कुरकूर करतो. एका बाजूला माझा बाप आणि दुसऱ्या बाजूला सैतान असला, तरी सैतानाची बाजू खरी असेल तर न्याय त्यालाच, हे मोरचे त्यावरचे उत्तर.

वकील साक्षीदार निवडतो, तसा गाळतोही. ‘युटोपिया’ हे मोरचे जगभर गाजलेले पुस्तक. रोपरच्या चरित्रात त्याचा पत्ता नाही. त्यापेक्षा गंभीर म्हणजे मोरच्या चॅन्सेलरपदाच्या काळात सहा जणांना पाखंडी ठरवून जाळण्यात आले, त्यांचाही उल्लेख इथे नाही. मेरीच्या राज्यात पुन्हा तेच चालले होते, त्यामुळे त्यावर मौन सोयीचेच होते.

शेवटही साक्षीचाच. मोरच्या मृत्यूची बातमी ऐकून सम्राट पाचवा चार्ल्स किती हळहळला, ते राजदूत सर थॉमस एलियटने सांगितल्याचे रोपर लिहितो. तेव्हा ऐकायला कोण कोण होते, तेही: मी, माझी बायको, क्लेमंट दांपत्य, हेवूड दांपत्य. एलियटच्या वकिलातीच्या तारखांशी ही हकीकत जुळत नाही, अशी हरकत इतिहासकार घेतात. साक्षीदारांची यादी मात्र चोख आहे.